दशाश्वमेध घाटावर ऐकावं असं काही

काशीला निघताना बॅगेत काय भरायचं याची यादी आपण सगळेच करतो. गंगाजलासाठी तांब्याचा गडू, आईबाबांची औषधं, दोन पंचे, पूजेसाठी एखादी साडी जास्तीची. तुम्ही गाण्यांचे वेडे असाल, तर एक विनंती करते. गाण्यांची यादीही घरूनच करा आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. घाटावरच्या गर्दीत नेटवर्क रडतखडत चालतं. शिवाय ‘गंगा’ असं शोधून जे पहिलं समोर येईल ते कानात लावण्यात मजा नाही. मी कोणी समीक्षक नाही. रेडिओ, कॅसेट, सीडी आणि आता मोबाइल असा प्रवास केलेली साधी कानसेन आहे. पुढची मतं माझी आहेत. तुमची वेगळी निघाली, तर वाद घालायला मला आवडेलच.

आधी जागा समजून घ्या. गोदौलिया चौकाशी रिक्षा सोडायची आणि बाजारातून चालत सुटायचं. रुद्राक्ष, लाकडी खेळणी, कचोरीची कढई असं सगळं मागे टाकलं की एकदम पायऱ्या आणि समोर गंगा. घाटाचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य थेट समोर, पलीकडच्या मोकळ्या रेतीवर उगवतो. मराठी माणसाने इथे पाहुण्यासारखं बावरून उभं राहू नये. हा घाट १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधवला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुन्हा उभारणी केली. आपल्याच माणसांनी घडवलेल्या पायऱ्यांवर आपण बसतो.

पहाटेसाठी माझी निवड ठरलेली आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आणि उस्ताद विलायत खाँ यांची सतार, दोघांच्या जुगलबंदीची ध्वनिमुद्रिका. त्यातली चैती धून आधी ऐका. नाव मात्र वल्ह्याची घ्या. मोटरबोटीच्या घरघरीत सतार ऐकू येत नाही, मग पैसेही गेले आणि सूरही. नावाड्याला पंचगंगा घाटापर्यंत न्यायला सांगा. तिथे जवळच बालाजीचं देऊळ आहे आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षं तिथे रियाज केला. याच पंचगंगेच्या परिसरात एकनाथ महाराजांनी १५७३ मध्ये एकनाथी भागवत पूर्ण केलं, असं परंपरा सांगते. भीमसेनजींनी गायलेले नाथांचे अभंग तुमच्याकडे असतील, तर ते लावायची जागा हीच.

आईला मी ही शहनाई नावेत ऐकवली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “कोणाचं लग्न आहे गं?” मला हसू आलं, पण तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे सनई म्हणजे मंगलकार्यालय. तीही आता पेनड्राइव्हमधली, पाहुणे जेवायला बसेपर्यंत फिरून फिरून वाजणारी. कोणी ऐकत नाही, ऐकायचीच नसते. मी इअरफोनचा एक तुकडा आईच्या कानात आणि दुसरा माझ्या कानात ठेवला. मणिकर्णिकेच्या चिता डाव्या हाताला दिसू लागल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, “हा माणूस आनंदात आहे की रडतोय, तेच कळत नाही.” शहनाईबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

दुसरी शिफारस गिरिजादेवींची. त्यांचा जन्म १९२९ चा आणि याच शहरातला. त्यांच्याकडे जाताना महिना बघून जा. फाल्गुनात होरी, चैत्रात चैती, श्रावणात कजरी. बनारसचं गाणं पंचांगाला धरून चालतं. ठुमरी ऐकताना सगळे शब्द कळले पाहिजेत असा हट्ट धरू नका. एकच ओळ त्या किती परींनी म्हणतात तिकडे लक्ष द्या. एकदा लाडीगोडी, एकदा तक्रार, एकदा हार मानल्यासारखं. याला बोल बनवणं म्हणतात. शेवटी तबला दुगुणीत लग्गी धरतो, तेव्हा पाय आपोआप ठेका धरतात. लहान मुलं कंटाळली, तर त्यांना फक्त हा शेवट ऐकवा. आणि ‘शोले’त बसंतीच्या टांग्याचा पाठलाग होतो, तिथला तबला बनारसच्या सामताप्रसाद ऊर्फ गुदई महाराजांचा आहे, हेही सांगा. मुलं लगेच सरसावून बसतील. हे गुदई महाराज १९९४ मध्ये गेले ते पुण्यात.

पंडित छन्नुलाल मिश्र यांची, महादेव स्मशानात होळी खेळतो अशा अर्थाची होरी खूप गाजली. ती मात्र मी घाटावर ऐकत नाही. थोड्याच अंतरावर कुणाचा तरी बाप, कुणाची तरी मुलगी जळत असते. गाणं फार मोठं आहे, पण ते तिथे ऐकण्याइतकी माझी छाती नाही. मी ते घरी ऐकते, दार लावून.

आता सिनेमा. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ (१९५६) निघण्याआधी घरी बघा. या घाटांवर पुराण सांगणारा हरिहर जातो, त्या क्षणी कबुतरांचा थवा आकाशात झेपावतो आणि रविशंकरांचं संगीत उसळून येतं. रविशंकर १९२० मध्ये याच शहरात जन्मले, हे लक्षात ठेवून ते ऐका. ए. आर. रहमान यांचा ‘रांझणा’ (२०१३) मला घाटावर नाही, तर गोदौलियाच्या गर्दीत आवडतो. रंग, घाई आणि थोडा आगाऊपणा त्यात भरपूर आहे. पण पाण्याकडे बघत एकच अल्बम ऐकायचा असेल, तर मी नीरज घायवान यांचा ‘मसान’ (२०१५) निवडेन. इंडियन ओशन या बँडचं संगीत, वरुण ग्रोवर यांचे शब्द आणि एका गाण्याला स्वानंद किरकिरे यांचा आवाज. मोजकीच गाणी, पण त्यांत गंगा पोस्टकार्डावरच्या चित्रासारखी दिसत नाही. ती माणसांच्या दुःखाशेजारून वाहते.

थोडी परदेशी मंडळीही घेऊ. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ च्या सुमारास काही महिने याच दशाश्वमेधाजवळ खोली घेऊन राहिला होता. पुढे बॉब डिलनच्या १९६५ च्या ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ या अल्बमच्या मागच्या कव्हरवर तो दिसतो. दुपारच्या रणरणत्या उन्हात, छत्रीखाली बसून मी हा अल्बम ऐकला आणि चक्क जमला! न्हावी, पंडे, बकऱ्या, चहावाला, सगळे एकाच वेळी बोलत असतात आणि डिलनही तसाच धाप न घेता बोलतो. विल्यम ब्लेकच्या कवितांना चाली लावून गिन्सबर्गने १९७० मध्ये स्वतः एक अल्बम काढला. तो एकदा ऐकून ठेवा, दुसऱ्यांदा ऐकायची सक्ती नाही.

काही आवडते अल्बम इथे जमत नाहीत, तेही सांगते. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) माझ्या जिवाचा आहे, पण तो काश्मीरच्या मेंढपाळाचा दिवस आहे. इथे उगाच थंडी वाजते. रविशंकरांचा ‘चँट्स ऑफ इंडिया’ (१९९७) जॉर्ज हॅरिसनने फार निगुतीने तयार केला. रविवारी सकाळी घरी सुंदर वाटतो. घाटावर मात्र शेजारीच एखादे गुरुजी खोकत खोकत तेच मंत्र म्हणत असतात आणि ते जास्त खरे वाटतात. किशोरीताईंचा भूप जरूर न्या, पण आरतीनंतर गर्दी ओसरली की ऐका. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आहे, वेळही साधते.

आरतीच्या वेळी मात्र इअरफोन खिशात टाका. घंटा, शंख, लाऊडस्पीकर, कापराचा धूर, सगळं अंगावर येऊ द्या. सुरेल असेलच असं नाही, तरी ऐका. आणि फोनचा स्पीकर घाटावर कधीच लावू नका. दोन पायऱ्या खाली कोणी वडिलांचे पिंड देत असतं. त्याने आपलं आवडतं गाणं का ऐकावं?

शेवटी एकच. या यादीतले बिस्मिल्ला खाँ २००६ मध्ये गेले, गिरिजादेवी २०१७ मध्ये, छन्नुलालजी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. नुसत्या रेकॉर्डिंगवर हे गाणं टिकणार नाही. तेव्हा एक पहाट अस्सी घाटासाठी राखून ठेवा. तिथे २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’मध्ये आरतीनंतर प्रत्यक्ष गायन-वादन होतं. हनुमान जयंतीच्या सुमारास गेलात, तर संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह चुकवू नका. रात्रभर चालतो आणि तिकीट नाही. आणि परत आल्यावर घरात कार्य ठरलं, तर मंडपात पेनड्राइव्ह लावण्याऐवजी सनईवाल्यालाच बोलवा. अक्षता पडेपर्यंत चार जणांनी त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसा. तो किती वेगळा वाजवतो, ते बघा.