ओठांवरची मराठी

खारे कर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव लागला, की आसपासच्या गावांत खिडक्यांची तावदानं थरथरतात. बोलणारी माणसं क्षणभर थांबतात, धमाका विरू देतात आणि तुटलेलं वाक्य जिथल्या तिथं पुन्हा उचलतात. नगर जिल्ह्यात युद्ध असं घरातलंच असतं. पारनेरकडे तर फौजेतून परत आलेला माणूस, मग तो कुठल्याही हुद्द्यावर निवृत्त झालेला असो, गावासाठी ‘मेजर’च असतो. त्याच्या पेन्शनची, कँटीनच्या कार्डाची, गुडघ्यांची चौकशी होते आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, “मेजर, तेव्हा तिकडं नक्की काय झालतं?”

आमच्या संध्याकाळच्या बैठकीतले मेजर पारनेर तालुक्यातलेच. भिंगारला एका चहाच्या दुकानात ते, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी, सावेडीत लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करणारा एक तरुण आणि मी असे जमतो. विषय कुणी ठरवत नाही. चहा सांगताना खेमकरणची लढाई असते, कप रिकामे होईतो बसंतरची येते. बसंतर आलं, की ‘फामागुस्ता’ येतोच. पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला ज्या सेंच्युरियन रणगाड्यात पडला, त्याचं हे नाव. वय २१. तो रणगाडा नंतर दुरुस्त करून इथंच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. मेजर त्याच्याविषयी बोलतात तेव्हा गावातल्या कर्त्या माणसाविषयी बोलावं तसं अदबीनं बोलतात, आणि ते ऐकताना आपणही जरा सावरून बसतो.

हेरांचा विषय गुरुजींचा. त्यांच्या मते या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी युद्धकथा गोळीविना घडली. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना संगमनेरच्या परिसरात मोगली फौजांनी शिवाजी महाराजांची वाट अडवली होती. सिदोजी निंबाळकर त्या लढाईत पडले. तेव्हा महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांनी आडवाटेनं, रात्रंदिवस चालवत सगळ्यांना अकोल्याच्या डोंगरातल्या पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. महाराज तिथं काही दिवस विसावले, म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड झालं. सभासदाच्या बखरीत बहिर्जींचं नाव येतं. चेहरा कसा होता, बोलणं कसं होतं, डाव्या हाताचे होते की उजव्या, काही म्हणजे काही उरलेलं नाही. “हेराचं हेच यश,” गुरुजी म्हणतात. “त्याचं काहीच मागं राहू नये.” मला मात्र दर वेळी वाटतं, की ती वाट ज्याच्या पायांना पाठ होती त्या माणसाला निदान एकदा चालताना पाहायला मिळायला हवं होतं.

आमच्या बैठकीपासून भुईकोट किल्ला जवळच. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची माणसं रातोरात उचलून तिथं आणली गेली. मौलाना आझाद, नेहरू, पटेल, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, एकूण बारा जण. त्यांना कुठं ठेवलंय हे सरकारनं सुरुवातीला सांगितलंही नव्हतं. जवळपास अख्खं नेतृत्व आमच्या गावात होतं आणि अधिकृतपणे ते कुठंच नव्हतं. त्याच्या तीनच वर्षं आधी, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारताच हिंदुस्थानातल्या जर्मनांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून धरलं आणि नगरच्या छावणीत तारेमागं ठेवलं. हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू आणि हिटलरचे भक्त, दोघांना एकाच तारेमागं. कोण हेर आणि कोण निर्वासित, हे ठरवायला पुढं चौकशी समिती बसवावी लागली. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडलेला गिर्यारोहक हाइनरिश हॅरर याच छावणीत होता. पुढं डेहराडूनच्या छावणीतून निसटून तो तिबेटात पोचला, जगभर नावाजला गेला, आणि तो नाझींच्या एसएस संघटनेचा सदस्य होता हे १९९७ साली जुन्या कागदांतून बाहेर आलं. कागद फार वर्षं गप्प बसतात, पण बसतात म्हणून ते मुके नसतात.

बाँबे टॉकीजचा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग यांनाही त्याच धरपकडीत कॅमेऱ्यापासून तोडून नेलं गेलं. हा तपशील सावेडीच्या तरुणाला फार लागला. “म्हणजे ज्याला शूटिंग करता येत होतं, त्यालाच आत टाकलं,” तो म्हणाला. आणि तिथून बोलणं फिल्मवर गेलं.

त्याच्या मोबाइलवर जुन्या, दुरुस्त केलेल्या फिती बऱ्याच असतात. पीटर जॅक्सननं २०१८ साली पहिल्या महायुद्धाच्या फितींवर केलेलं काम त्याला तोंडपाठ आहे. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमनं जवळपास शंभर तासांचं चित्रण जॅक्सनला दिलं होतं. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे. सेकंदाला तेरा, सोळा, कधी अठरा चित्रं, जशी फिरवणाऱ्याची मनगटं. आज ती सेकंदाला चोवीसच्या वेगानं लावली, की मरणाच्या दारातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. ते थांबवायचं, तर दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये संगणकानं नवी चित्रं घालावी लागतात. चरे काढायचे, थरथर काढायची, अंधारात बुडालेला चेहरा वर आणायचा. तरुणाच्या धंद्यातल्या शब्दांत सांगायचं तर आधी साफसफाई, मग स्पीड, मग कलर.

कलरवर मेजर अडले. कुठल्याशा हौशी माणसानं रंगवलेल्या फितीत सगळे गणवेश एकाच खाकीचे होते. “खाकी कधी एकसारखी असती का? नवी वेगळी, चार धुण्यांनंतरची वेगळी, घामानं भिजलेली वेगळी,” ते म्हणाले. मला त्यांचं पटतं. चरा काढणं ही त्या माणसाची सेवा आहे. रंग भरणं हा आपला अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच दाखवला पाहिजे. आणि फिल्म मुळात टिकली तरच हे सगळे प्रश्न. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते तेव्हा पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात लागलेल्या आगीत तसा मोठा साठा राख झाला. त्या बातमीनं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

त्या संध्याकाळी तरुणानं जी फीत लावली, ती दुसऱ्या महायुद्धातली, इटलीतल्या हिंदी सैनिकांची, काही सेकंदांची. पाण्याच्या गाडीपाशी रांग. पुढचा शिपाई डबा धरून उभा, मागचा कॅमेऱ्याकडे बघतो, ओशाळतो, मान वळवून पुढच्याला काहीतरी म्हणतो. आवाज नाही. सैन्याच्या चित्रीकरण पथकांचे कॅमेरे बहुतेक मुकेच होते, आवाज नंतर स्टुडिओत चढवायचे, निवेदकाच्या इंग्रजीत.

मेजरांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हात लांब करून धरला. “मागं घे.” पुन्हा. “अजून एकदा.” मग स्वतःचे ओठ हलवत, अगदी हळू, ते म्हणाले, “पाणी भर की राव.”

गुरुजी लगेच म्हणाले, पंजाबी माणूसही ‘पाणी भर’च म्हणेल. खरं होतं. प असो, भ असो, म असो, ओठ सारखेच मिटतात, नुसतं पाहून ओळखता येत नाही. मेजरांनी बोट ठेवलं ते शेवटच्या जागेवर. भरनंतर तोंड आडवं होतं, तो ‘की’. मग जबडा उघडतो आणि ओठ जवळ येतात, तो ‘राव’. “पंजाबी पोरगा राव कशाला म्हणेल?” आम्ही चौघांनी ती फीत इतक्यांदा पाहिली, की दुकानदारही टेबल पुसता पुसता येऊन उभा राहिला. त्यानं ‘राव’ला मत दिलं. सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या मिनिटापुरता तो शिपाई आमच्याकडचा झाला, कदाचित खरोखरच असेल.

जॅक्सनच्या चमूनं ओठ वाचणारी माणसं बसवली होती. मुक्या फितींतले सैनिक काय बोलताहेत ते त्यांनी ओळखलं आणि त्या त्या भागातल्या उच्चारांत नटांकडून म्हणवून घेतलं. इंग्रज पोरांना शंभर वर्षांनी त्यांच्या गावची बोली परत मिळाली. आमच्या माणसांचे ओठ वाचायला लंडनमध्ये कोण बसणार? ते काम करू शकणारी माणसं पारनेरात आहेत, श्रीगोंद्यात आहेत, संगमनेरात आहेत. ती ऐंशीच्या पुढं आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

संगमनेर म्हटलं, की निमजचे नामदेव जाधव. १९२१ चा जन्म, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर हल्ला झाला. दोन्ही काठांना तीसेक फूट उंचीचे बांध, बांधांच्या पोटात शत्रूच्या खंदकांची पोखरण, उतारांवर सुरुंग. कंपनी कमांडर आणि दोन जण जखमी झाले, सोबतचे बाकीचे मारले गेले, धड राहिले ते एकटे नामदेव. एका जखमीला उचलून ते खोल पाण्यातून, सुरुंगांमधून, चढ चढून सुरक्षित जागी पोचवून आले. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेले ते मशिनगनवर. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, ती फेकली आणि हातबाँब घेतले. आणखी दोन ठाणी संपवली, मध्येच बाँब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून पुन्हा घेतले. मशिनगन थंडावल्यावर उखळी तोफांचा मारा चालूच असताना ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ मध्ये ते गेले.

हे सगळं आपल्याला कळतं ते सन्मानपत्राच्या इंग्रजीतून. पण त्या दिवशी नदीवर जे ओरडून सांगितलं गेलं ते शिवाजी महाराजांचं नाव होतं, निमजच्या गळ्यातून निघालेलं. मी ते वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी कान देऊन बसतो. डोळ्यांना चित्र उभं करता येतं. आवाज नाही उभा करता येत, तो ऐकावाच लागतो.

पहिल्या महायुद्धात जर्मन कैदी नगरला होते, तेव्हाच हिंदी कैदी बर्लिनजवळच्या व्ह्यून्सडॉर्फच्या छावणीत होते. तिथल्या जर्मन भाषापंडितांनी त्यांना भोंग्यासमोर उभं करून त्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. शास्त्रासाठी घेतले, मायेनं नव्हे. तरी ते आवाज वाचले. शत्रूनं जपले. आणि आमच्या जिल्ह्यात? अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली महायुद्धाची संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकाचंही नाही. चुन्याचा हात देताना पाटीवरही फिरवलेला असतो, अक्षरांच्या खाचांत पांढरं साचलेलं असतं. मी अशा पाटीवरून बोट फिरवलेलं आहे. खाच बोटाला लागते, माणूस लागत नाही.

म्हणून मला मेजरांच्या त्या ‘राव’चं इतकं मोल वाटतं. फितीतला चेहरा लंडनला असेल, नाव इटलीतल्या एखाद्या स्मशानभूमीच्या दगडावर असेल, पाटीवरचा आकडा आपल्या चावडीत आहे. या तिन्हींची गाठ घालून देऊ शकेल असा माणूस आज भिंगारमध्ये चहा पितोय. संग्रहालयांनी फिती इकडे पाठवाव्यात, आता त्या पाठवायला जहाजही लागत नाही. पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयानं, विद्यापीठानं, कुणीही पुढाकार घ्यावा. पण आधी आमच्याकडून कुणीतरी विचारायला हवं.

मेजरांनी विचारणं सोडून थेट ठरवलंच. गावच्या माजी सैनिकांना जमवायचं आणि मिळतील तेवढ्या फिती मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. प्रोजेक्टर सावेडीचा तरुण आणणार आहे, लग्नाचा सीझन उरकला की. गुरुजी वही घेऊन बसणार, कोण काय ओळखतंय ते वयासकट, गावासकट लिहून घ्यायला. पडद्याचं अजून जमलेलं नाही. शाळेची भिंत चालेल असं मेजरांचं म्हणणं आहे. तरुण म्हणतो भिंतीवर पोपडे आहेत, ओठ नीट दिसणार नाहीत, आधी तिला रंग द्यायला लागेल.