नानामामा आणि काळी पूड

‘स्वतः न बदलता जो रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवतो, तो उत्प्रेरक.’ ही व्याख्या मला घोकावी लागली नाही. ती आमच्या ओटीवर कोट-टोपी घालून बशीतून चहा पीत बसलेली असे. नानामामा!

मामा लग्नं जुळवीत. बर्झेलियसने १८३५ साली या कर्तबगारीला शास्त्रीय नाव दिलं. आमच्याकडे तिला ‘नसती उठाठेव’ म्हणत.

पोटॅशियम क्लोरेट नुसतं तापवलं, तर ऑक्सिजन सोडताना फार आढेवेढे घेतं. त्यात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड टाका, कमी आचेवरच काम होतं. ऊर्जेचा मोठा घाट चढायचाच नाही, बोगद्यातून पलीकडे! घाटाच्या दोन्ही बाजूंची गावं मात्र होती त्याच उंचीवर राहतात. मुळात जमणारच नाही, ते उत्प्रेरकही जमवीत नाही आणि मामाही.

माझ्या लग्नात घाट होता पत्रिकेचा. मामा वडिलांना एवढंच म्हणाले, “अहो भावोजी, तुमची आणि ताईची तरी कुठे जुळली होती?” वडिलांनी एकदा आईकडे पाहिलं. आठ दिवसांत सुपारी फुटली.

अभिक्रिया संपली की उत्प्रेरक होता तेवढाच शिल्लक उरतो. मामा जन्मभर ब्रह्मचारी राहिले. शाळेत प्रयोग झाल्यावर ती काळी पूड आम्ही खुशाल मोरीत ओतत असू.

परवा लग्नाचा अल्बम काढला. एकाही फोटोत मामा नाहीत.

“पंगतीत वाढत असतील,” ही म्हणाली.