रविवारचे टायर, सोमवारचा रस्ता

दादाच्या गाडीत बसल्यावर सगळ्यात आधी जाणवला तो आवाज. घोंऽऽऽ... खिडक्या बंद, गाणी बंद, तरी पायाखाली कोणीतरी पिठाची गिरणी लावल्यासारखं. त्यात मधूनच चाकांच्या वर टकटक, टकटक.

‘बेअरिंग गेलंय का रे?’ मी आपलं ज्ञान पाजळलं.

‘बेअरिंग नाही गं, टायर! सेमी-स्लिक आहेत. बारीक खडी चिकटते त्यांना.’ पोराच्या खोड्यांचं कौतुक करणाऱ्या बापाच्या सुरात दादा म्हणाला.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. कोथरूडचा मुलगा, गेली काही वर्षं जर्मनीत कोलोनला नोकरी करतो. मे महिन्यात मी त्याच्याकडे सुट्टीला गेले होते. कॅथीड्रल बघून झालं, ऱ्हाईन नदीतली बोट झाली. शेवटी रविवारी सकाळी वहिनी म्हणाली, ‘आता तुम्ही दोघं त्याच्या तीर्थक्षेत्राला जाऊन या. मला जरा शांत झोपू दे.’

तीर्थक्षेत्र म्हणजे न्युर्बुर्गरिंग. कोलोनपासून साधारण नव्वद किलोमीटर. शहर संपलं की दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळीधमक शेतं लागतात, मग रस्ता आयफेलच्या डोंगरात शिरतो. पाइनची गर्द झाडी, उतरत्या छपरांची गावं आणि एका टेकडीवर न्युर्बुर्ग किल्ल्याचे अवशेष. आपल्याकडे किल्ल्याच्या पायथ्याशी झुणका-भाकर मिळते, इथे रेस ट्रॅक आहे!

लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९२५ साली हा ट्रॅक बांधायला घेतला आणि १९२७ साली तो सुरू झाला. त्यातला जुना भाग म्हणजे नॉर्डश्लायफे. लांबी २०.८ किलोमीटर, सत्तरहून जास्त वळणं, चढउतार साधारण ३०० मीटरचा. आपला एखादा घाट घ्या आणि त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून टाका, झाला नॉर्डश्लायफे. जॅकी स्टुअर्टनं १९६८ साली इथली रेस पावसात आणि धुक्यात तब्बल चार मिनिटांच्या फरकानं जिंकली. तरी त्यानं या जागेला नाव दिलं ‘ग्रीन हेल’, हिरवा नरक. १९७६ साली निकी लाउडानं पहिल्या फेरीनंतर पावसाचे टायर काढून कोरड्या रस्त्याचे स्लिक टायर चढवले आणि दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी धडकून पेटली. कारणावर आजही वाद आहे. तो वाचला, सहा आठवड्यांत परत रेसला उभासुद्धा राहिला. पण फॉर्म्युला वन काही या वीस किलोमीटरवर परत आली नाही.

खरी गंमत पुढेच आहे. रेस नसते तेव्हा हा ट्रॅक चक्क टोल रोड असतो! ठरलेल्या दिवशी तिकीट काढा, बॅरिअरला कार्ड लावा आणि सुटा. वाहतूक एकेरी, नियम जर्मनीच्या रस्त्यांचे, वेळ मोजायला मनाई. गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर असली की झालं. म्हणजे जी गाडी इथे पळवायची, तीच चालवत घरी न्यायची. सेमी-स्लिक टायरची सगळी कथा या एका वाक्यात आहे.

सेमी-स्लिक म्हणजे रेसचा टायर आणि रोजचा टायर यांचं लव्ह मॅरेज. रबर मऊ, बाजूच्या भिंती कडक, खाचा अगदी कमी. खाचा कमी म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर जास्त, म्हणजे पकड जबरदस्त. पण रबर तापल्याशिवाय खरी पकड येत नाही आणि ते तापतं ट्रॅकवर, ऑफिसच्या वाटेवर नाही. शिवाय झिजतं भराभर. किती टिकेल याचा अंदाज देणारा ‘ट्रेडवेअर’ आकडा साध्या टायरवर बहुधा ३०० च्या पुढे असतो, यांच्यावर २०० किंवा त्याहून कमी.

पार्किंगमध्ये तर जत्रा भरली होती. पोर्शेपासून खटारा हॅचबॅकपर्यंत सगळे, आणि प्रत्येकजण गुडघ्यावर बसून टायरची हवा मोजतोय. टायर तापला की आतली हवा फुगते, म्हणून फेरीनंतर थोडी काढायची आणि घरी निघताना परत भरायची. आमच्या शेजारी साठीचे एक आजोबा होते. त्यांच्या गाडीची मागची सीट पाडलेली, तिथे जॅक आणि चार जादा चाकं. ते साध्या टायरवर आले होते आणि इथे येऊन चाकं बदलत होते. मी विचारलं, ‘एवढा खटाटोप कशाला?’ तोडक्यामोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, ‘हे टायर इथले. घरचा रस्ता यांचा नाही.’

दादा माझ्याकडे बघून डोळा मारत म्हणाला, ‘म्हातारे लोक!’

आणि मग ती फेरी. खोटं कशाला बोलू? भन्नाट! पहिली काही वळणं दादानं सांभाळून घेतली, टायर गार होते. नंतर मात्र गाडी वळणात अशी चिकटली की माझी मान एका बाजूला आणि पोटातले पोहे दुसऱ्या बाजूला. कारुसेल नावाच्या वळणात तर काँक्रीटच्या तिरक्या भिंतीवरून गाडी धडधडत फिरली. उतरल्यावर मी टायरला हात लावला. गरम, मऊ, चिक्कीच्या पाकासारखा चिकट. दादाला या टायरचं वेड का आहे, ते मला त्या क्षणी कळलं.

चौथ्या फेरीनंतर ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला पाऊस सुरू झाल्याचं कळलं. आयफेलची ही ख्यातीच आहे, एका वळणावर ऊन आणि दुसऱ्यावर पाऊस. दादानं शहाण्यासारखं आवरतं घेतलं, हवा भरली, आम्ही निघालो.

हायवेवर पावसानं गाठलंच. वेग शंभरच्या आसपास, म्हणजे जर्मनीत कासवाचाच. आणि अचानक ती गिरणी बंद झाली. घरघर नाही, टकटक नाही, एकदम शांत. दादाच्या हातातलं स्टिअरिंग हलकं झालं आणि गाडी पाण्यावर तरंगली. सेकंदभर, फार तर दोन. टायर परत रस्त्याला टेकले तेव्हा आमच्या दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

टायरवरच्या खाचा शोभेच्या नसतात, समोरचं पाणी बाजूला ढकलायला असतात. नव्या साध्या टायरला त्या साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. सेमी-स्लिकला मुळातच कमी, आणि दादाचे तर अर्धे झिजलेले. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागतात, तेवढ्या होत्या. पण पाण्याला कायदा कुठे कळतो?

उरलेला रस्ता आम्ही एका ट्रकच्या मागे ऐंशीनं कापला. मागच्या सीटवर पोरं झोपलेल्या, टपावर सायकली बांधलेल्या साध्यासुध्या गाड्या आम्हाला आरामात ओलांडून जात होत्या. बऱ्याच वेळानं मी विचारलं, ‘वहिनी रोज हीच गाडी नेते ना?’

दादानं नुसती मान हलवली. वहिनी बॉनच्या एका लॅबमध्ये आहे. कोलोन-बॉन हायवे, १९३२ साली सुरू झालेला, रोज सकाळी सहा वाजता.

घरी पोचलो तर वहिनी चहा टाकत होती. आमचे चेहरे बघून तिला काय समजायचं ते समजलं. ‘पाऊस लागला का?’ तिनं विचारलं. मग माझ्याकडे वळून सहज म्हणाली, ‘पाऊस असला की मी ट्रेननंच जाते. महिना झाला.’

‘मला बोलली नाहीस!’ दादा म्हणाला.

‘बोलले असते तर तू म्हणाला असतास, हळू चालव.’

बस्स. ना भांडण, ना रडारड. दादानं चहा घेतला आणि कप हातात धरून बराच वेळ खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे बघत राहिला. महिन्यातून एका रविवारच्या चार फेऱ्यांसाठी त्यानं टायर निवडले होते. बाकीचे दिवस त्यांच्यावर गाडी दुसरंच माणूस चालवत होतं.

मी पुण्याला परतले तोवर जून लागला होता. सिग्नलला शेजारी एक बाईक उभी राहिली. पाठीवर लॅपटॉपची बॅग, मागे रेनकोट सावरत बसलेली मैत्रीण आणि मागचा टायर जवळजवळ गुळगुळीत, ट्रॅकसाठीचा. रविवारी ताम्हिणीत झकास वळत असणार, यात शंका नाही. पण पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइल वर आलेलं असतं, आणि तो दिवस होता मंगळवार.

सिग्नल सुटला, तो निघून गेला. बोलायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिलं.

आणि हो, मागच्या आठवड्यात दादानं एक फोटो पाठवला. गोल्फची मागची सीट पाडलेली, त्यावर चार सेमी-स्लिक. खाली एकच ओळ, ‘म्हातारा झालो!’

जाणार असाल तर...
• सगळ्यांसाठी ट्रॅक ठरलेल्या दिवशीच खुला असतो. वेळापत्रक बघूनच निघा. अपघात झाला की मध्येच बंदही होतो.
• साधी भाड्याची गाडी ट्रॅकवर नेऊ नका, करारात बहुधा मनाई असते. ट्रॅकसाठीच्या गाड्या तिथल्या गावांमध्ये भाड्यानं मिळतात.
• रेलिंगला धडकलात तर दुरुस्तीचं बिल तुमच्या नावानं येतं.
• नुसतं बघायचं असेल तर ब्रुन्शन हे वळण गाठा. खाऊचा डबा आणि जॅकेट सोबत ठेवा, मे महिन्यातही!