मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, पण...

हे वाक्य आपल्या रक्तातच आहे. सोसायटीची वार्षिक सभा असो, लग्नघरातली बैठक असो नाहीतर परदेशातलं मराठी मंडळ असो, कुणीतरी घसा खाकरून "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, पण..." म्हणतो आणि सगळ्यांच्या माना बरोब्बर एकाच खुर्चीकडे वळतात. ह्या वाक्याची गंमत अशी की ज्याचं नाव घेतलेलं नसतं, त्याला उत्तरही देता येत नाही. दिलं तर "तुम्हाला का झोंबलं?" तयारच असतं.

मागच्या वर्षी हेच वाक्य मी इंग्रजीतून, न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या तळघरात, दहा-बारा अमेरिकन लोकांसमोर बोललो. त्याची ही गोष्ट. आज शनिवार आहे, रिलीज नाही, बायको मुलाला घेऊन पोहायला गेलीय. लिहून टाकतो.

तर त्याचं असं झालं. चिरंजीव अकरा वर्षांचे झाले आणि स्काउटमध्ये गेले. इथे मुलगा स्काउटमध्ये जातो म्हणजे बापही जातो. "आठवड्याला फक्त एक तास लागेल" असं सांगून मला घेतलं. (हा इथल्या स्काउटिंगमधला जुना विनोद आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं. एस्टिमेट देणारा बहुतेक आमच्याच धंद्यातला असावा.) फॉर्म भरला, पोलीस रेकॉर्ड तपासलं गेलं, मुलांच्या सुरक्षेचं ऑनलाईन ट्रेनिंग झालं आणि मी अंगात युनिफॉर्म घालून असिस्टंट स्काउटमास्टर झालो.

मी स्वतः साताऱ्याच्या शाळेत स्काउट होतो. शनिवारी सकाळची शाळा, खाकी कपडे, गळ्यात स्कार्फ आणि शिट्टी. "खरी कमाई"च्या दिवसांत घरोघरी जाऊन "काका, काही काम आहे का?" विचारायचं, सायकली पुसायच्या, बूट पॉलिश करायचे आणि कार्डावर सही घ्यायची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी स्काउट शाळेतूनच चालतो, त्यामुळे आमचे स्काउटचे सर हे गणिताचेही सर होते. सरांशी चर्चा वगैरे प्रकार नसायचा. सर सांगायचे, आम्ही करायचो. संपलं.

इथे उलटं. इथले स्काउटमास्टर म्हणजे कुणाचे ना कुणाचे आईबाप. चर्च, क्लब अशी एखादी संस्था जागा आणि पाठबळ देते, बाकी सगळा गाडा स्वयंसेवक ओढतात. स्काउटमास्टर कॅम्प आणि कार्यक्रम बघतो, कमिटी पैसे, सामान, परवानग्या बघते. आमच्या कमिटीत एक अकाउंटंट, एक सुतारकाम करणारा, दोन शिक्षिका, एक दंतवैद्य आणि माझ्यासारखे तीन कॉम्प्युटरवाले. कुणालाच पगार नाही. म्हणजे कुणीच कुणाचा मॅनेजर नाही, अप्रेझल नाही, एस्कलेशन नाही. ऑफिसात माणूस अपमान गिळून सोमवारी परत येतो, कारण घराचे हप्ते असतात. इथे अपमान झाला की तो पुढच्या मंगळवारी येत नाही, एवढंच. आणि तो आला नाही की पंधरा मुलांचा कॅम्प रद्द होतो. हे गणित मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

आमच्यात एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना मी मनातल्या मनात "बापू" म्हणतो, कारण हात अगदी माझ्या शेतकरी आजोबांसारखे. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेलं. त्यांचा मुलगा स्काउटमधून बाहेर पडला त्याला वीसेक वर्षं झाली, बापू मात्र राहिले. सामानाचा ट्रेलर त्यांच्याच पिकअप ट्रकला जोडला जातो. ओल्या लाकडाची शेकोटी एका काडीत पेटवणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. इंग्रजीत सगळ्यांना "यू"च म्हणतात, पण माझ्या डोक्यात ते "तुम्ही" आहेत आणि त्यांच्या डोक्यात मी नक्की "तू" असणार.

एप्रिलमधला कॅम्प होता. दोन दिवस पाऊस. रविवारी साडेअकराला आम्ही चिखलाने माखून चर्चच्या पार्किंगमध्ये परत आलो. मुलांनी वाळवायला एकेक ओला तंबू घरी न्यायचा असतो, ते वाटप झालं, आईबाप येऊन पोरांना घेऊन गेले. मला एक वाजता प्रॉडक्शनचं डिप्लॉयमेंट होतं. मी हात हलवून निघालो.

सोमवारी रात्री जेवताना चिरंजीव सहज बोलून गेले की त्यांच्या बारा वर्षांच्या एका मित्राची आई हॉस्पिटलच्या ड्यूटीत अडकली होती, म्हणून बापूंनी त्याला ट्रकमधून घरी सोडलं. "त्या ट्रकचा हीटर एकदम भारी आहे म्हणे!"

माझा घास हातातच राहिला.

नियम अगदी स्पष्ट आहे. स्काउटच्या कुठल्याही कार्यक्रमाला एकवीस वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत लीडर हवेतच. आणि एक मोठा माणूस व एक मूल असं एकटं कधीही असायचं नाही, गाडीत तर नाहीच. हा नियम कुणाच्या हौसेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या ह्या संघटनेवर लैंगिक अत्याचाराचे इतके दावे झाले की २०२० च्या फेब्रुवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या प्रक्रियेत ८२,००० हून जास्त लोकांनी दावे दाखल केले. २०२३ मध्ये भरपाईची योजना लागू झाली, ती २४६ कोटी डॉलरची. २०२५ मध्ये संघटनेने नावही बदलून "स्काउटिंग अमेरिका" केलं, पण नाव बदलून त्या ८२,००० लोकांचं बालपण परत येत नाही. त्यातले कितीतरी लोक आज साठीत-सत्तरीत आहेत.

म्हणजे मुद्दा किरकोळ नव्हता. तो बोलायलाच हवा होता. प्रश्न फक्त कसा, कुठे आणि कोणाशी.

मी काय करायला हवं होतं? फोन उचलायला हवा होता. पण सत्तरीच्या माणसाला "तुम्ही चुकलात" कसं म्हणायचं? साताऱ्याच्या घरात वाढलेल्या जिभेला ते वळत नाही. मग आपण काय करतो, तर आठवडाभर गप्प बसतो, आणि नंतर चारचौघांत, नाव न घेता.

मंगळवारी कमिटीची मीटिंग होती. हिशोब झाला, उन्हाळी कॅम्पची फी झाली. शेवटी अध्यक्षबाईंनी "आणखी काही?" विचारलं आणि मी घसा खाकरला. "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही, पण आपल्यातल्या काही लोकांना सुरक्षेचे नियम आपल्यासाठी नाहीत असं वाटतं."

तळघरात एकदम शांतता. कोपऱ्यातला जुना फ्रीज तेवढा घरघरत होता. दोन-तीन जण बापूंकडे बघून पटकन टेबलाकडे बघायला लागले. बापू काही बोलले नाहीत. मीटिंग संपल्यावर नेहमीसारख्या सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि गेले. घरी येताना मी स्वतःवर खूश होतो. बघा, तत्त्वासाठी बोललो!

पुढच्या आठवड्यात बापूंनी ट्रेलरची किल्ली अध्यक्षबाईंकडे परत दिली.

त्याच रात्री बाईंचा फोन आला. मला वाटलं झापणार. तसं काही नाही. त्या म्हणाल्या, "तू म्हणालास ते बरोबर होतं. मी ते सोडून देणार नाही, कौन्सिलला कळवावंच लागेल. पण तू त्याच्याशी बोललास का?" मी म्हटलं, नाही. "मग तू नक्की कोणाशी बोलत होतास?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी सकाळी बापूंना डायनरमध्ये भेटलो. त्यांनी अंडी मागवली, मी नुसती कॉफी. मी सुरुवात केली ती आपल्या पद्धतीने, म्हणजे हवापाणी, ट्रक, त्यांचे गुडघे. पाच मिनिटांनी तेच म्हणाले, "मुद्द्यावर ये."

मी म्हटलं, "तुमच्यावर मला शंका नाही. पण तुम्ही त्याला एकट्याला गाडीत घ्यायला नको होतं."

"पोरगं भिजत होतं. चर्चला कुलूप. आईचा फोन लागत नव्हता. काय करायला हवं होतं?"

मी गप्प. मग ते शांतपणे म्हणाले, "मी मागे वळून बघितलं. म्हटलं तू आहेस, दोघं थांबू. तर तुझी गाडी रस्त्याला लागली होती."

इतका वेळ हा भाग मी कोणाला सांगितला नव्हता. खरं तर स्वतःलाही नाही. दुसरा लीडर मी होतो. नियम त्यांनी मोडला हे खरं, पण त्यांना त्या जागी एकटं सोडून मी गेलो होतो. डिप्लॉयमेंटसाठी. (जे शेवटी दोन तास पुढे ढकललं गेलं.)

"आणि दुसरी गोष्ट," बापू म्हणाले, "ह्या देशात स्काउटलीडरबद्दल कुणी 'सुरक्षेचे नियम' म्हणालं की ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं, ते तुला माहीत आहे का? नाव घेऊन बोलला असतास तर काय घडलं तेही सांगावं लागलं असतं. पाऊस, बंद चर्च, दहा मिनिटांचा रस्ता. तू नाव घेतलं नाहीस, म्हणून प्रत्येकाने आपल्याला हवी ती गोष्ट बनवली."

मंडळी, मला त्या दिवशी कळलं की नाव न घेणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. आरोपातून तपशील काढून घेतले की आरोप सौम्य होत नाही, तो वाटेल तेवढा फुगतो.

मी माफी मागितली, आडपडदा न ठेवता. पण मुद्दा सोडला नाही, आणि त्यांनाही मी तो सोडायला नको होता. मी माझ्या भाषेत सांगितलं. आमच्याकडे सगळ्यात सीनियर माणसाचा कोडसुद्धा दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. नियम माणूस बघून लावला तर तो नियम राहत नाही म्हणून. मुलांना त्रास देणारा माणूस दिसायला राक्षसासारखा नसतो. तो प्रेमळ असतो, वर्षानुवर्षं राबलेला असतो, त्याचा हीटर भारी असतो. तुम्ही चांगले आहात, म्हणूनच तुम्ही नियम पाळलात तर उद्या तो न पाळणारा माणूस उठून दिसेल. तुम्हीच मोडलात तर त्याला लपायला जागा मिळेल.

बापूंनी बराच वेळ अंडी इकडून तिकडे केली. मग म्हणाले, "पोराला पावसात मी आताही सोडणार नाही. त्याच्याबरोबर छत्री धरून उभा राहीन. पण गाडीत नाही बसवणार." आणि थोड्या वेळाने, "कौन्सिलला काय ते मीच लिहितो. माझ्याबद्दलचं पत्र दुसऱ्याने कशाला लिहायचं?"

त्यांनी लिहिलं. कौन्सिलच्या माणसाने येऊन दोघांशी बोलून घेतलं, त्या मुलाच्या आईशीही बोलला. ट्रेनिंग बापूंना पुन्हा करायला लावलं. त्यांनी ते केलं, कुरकुरत, कारण वेबसाईट त्यांना तीनदा लॉगआऊट करत होती.

आता आमच्या मुलांची एक पद्धत सांगतो. कॅम्पच्या शेवटच्या रात्री शेकोटीभोवती प्रत्येक जण एक गुलाब आणि एक काटा सांगतो, म्हणजे एक चांगली गोष्ट आणि एक खुपलेली. तेरा वर्षांचा टोळीप्रमुख आधी बजावतो, काय घडलं ते सांगा, कोण वाईट ते नको. एक बोलत असताना बाकीचे गप्प. ही पोरं "पास्ता कच्चा होता" हे अशा रीतीने सांगतात की पास्ता करणाराही हसतो. आणि आम्ही मोठे मागे कॅम्पखुर्च्यांवर कॉफी पीत "छान, छान" म्हणत बसतो, मग पार्किंगमध्ये दोघादोघांत कुजबुजतो.

अध्यक्षबाईंनी मे महिन्यापासून कमिटीत हाच प्रकार सुरू केला. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं. एका बाबांचा काटा अकरा मिनिटं चालला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "एप्रिलमध्ये एक मूल पार्किंगमध्ये असताना दुसरा लीडर निघून गेला. तो मी." पहिल्यांदाच मी कोणाचं तरी नाव घेतलं होतं. कोपऱ्यातला फ्रीज पुन्हा घरघरला. सुतारकामवाल्याने विचारलं, "बरं, मग आता काय करायचं?" आणि त्यानंतर वीस मिनिटं जी चर्चा झाली ती खरंच कामाची होती. ठरलं एवढंच की प्रत्येक कॅम्पला "शेवटची गाडी" म्हणून दोन लीडरची नावं आधीच लिहायची. शेवटचं मूल जाईपर्यंत ते दोघं हलणार नाहीत, आणि जाताना दोघं एकदम जातील.

स्काउटच्या इथल्या नियमात बारा गुण आहेत. त्यात सौजन्यही आहे आणि धैर्यही. मी मुलांना ते पाठ करायला लावायचो तेव्हा मला दोन्ही वेगवेगळे वाटायचे. साताऱ्यात मी सौजन्य शिकलो, म्हणजे मोठ्यांपुढे गप्प बसायचं. इथल्या ऑफिसात धैर्य शिकलो, म्हणजे मीटिंगमध्ये ठणकावून बोलायचं. समोर बसून, नाव घेऊन, पूर्ण तपशिलासकट आणि त्याचं उत्तर ऐकून घेण्याच्या तयारीने बोलायचं, हे दोन्हीकडे राहूनच गेलं होतं.

ऑक्टोबरच्या कॅम्पला "शेवटची गाडी"च्या यादीत दोन नावं होती. बापूंचं आणि माझं. रविवारी दुपारी त्याच मुलाच्या आईला पुन्हा उशीर झाला. आम्ही तिघं आणि माझे चिरंजीव ट्रकच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसलो होतो. माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता, ऑफिसचा. बापूंनी ट्रेलरची किल्ली बोटाभोवती फिरवत विचारलं, "तुला जायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. "थांबतो."

पंचवीस मिनिटांनी ती आली. धावतच. तिने तीनदा "सॉरी" म्हटलं. मग बापूंनी डावा हात पुढे केला, स्काउटचा हात, साताऱ्याला सरांनी शिकवलेला तोच. मीही डावा दिला आणि दोन्ही गाड्या एकदमच बाहेर काढल्या.

असो. बायकोची गाडी आली वाटतं. ओले टॉवेल वाळत घालायचेत.