जन्मसालाचा रकाना

देहूरोड

चि. बंधूस,

तुझे पत्र परवा पोहोचले. कारखाना बंद झाल्यापासून चाकण, तळेगाव आणि भोसरी येथे तू जे अर्ज केलेस त्यांची हकीकत वाचून मन विषण्ण झाले; त्यातही, एका ठेकेदाराच्या कचेरीतील तरुण कारकुनाने अनुभवाचा एकही दाखला न उलगडता आधारकार्डावरील जन्मसालावर बोट टेकवले आणि ‘काका, इथं पस्तिशीच्या आतलेच घेतात,’ असे म्हणून फाइल अदबीने परत केली, हा प्रसंग मला फार लागला.

तुझ्या अंगी काम उरले नाही असे त्याला म्हणायचे नव्हते. कायम कामगाराच्या पगाराची सवय झालेला, संघटनेचे नियम जाणणारा, पंचविशीतल्या सुपरवायझरला उलट प्रश्न विचारू शकणारा इसम कंपन्यांना नको असतो. विद्यावेतनावर राबणारा आणि मुदत संपताच विनातक्रार निघून जाणारा शिकाऊ पोरगा हवा असतो. सकाळी जुन्या महामार्गावर कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या पोरांचे गणवेश तेच असतात, चेहरे मात्र बदलत राहतात.

आपल्या कायद्याने नोकरीच्या वर्षांना मान दिला नाही असे नाही. कपात करावयाची झाल्यास शेवटी आलेल्याने आधी जावे, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून मिळावे आणि पुन्हा भरती निघाल्यास कमी केलेल्यांना अग्रक्रम असावा, हे दंडक 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहेत. परंतु ही सारी ज्येष्ठता एका मालकाच्या फाटकापुरती असते. फाटकाबाहेर पाऊल पडताच तीच वर्षे माणसाच्या विरुद्ध साक्ष देऊ लागतात.

तळेगावच्या जनरल मोटर्सची गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली. 2008 साली सुरू झालेल्या त्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, चिनी ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेला व्यवहार 2022 मध्ये फिसकटला आणि 2023 मध्ये ह्युंदाईशी करार झाला. त्या करारात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती. ती यंत्रे चालवणाऱ्या हातांनाही नव्या मालकाने सामावून घ्यावे, ही कामगारांची मागणी मला सर्वस्वी न्याय्य वाटते. पुनर्नियुक्तीचा अग्रक्रम मालकाशी न जोडता कारखान्याशी जोडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वयाबाबत तर आपल्याकडे कायदा जवळजवळ मुकाच आहे. अमेरिकेने चाळिशी ओलांडलेल्यांना वयावरून नाकारण्यास 1967 सालीच बंदी घातली. आपल्या संविधानाच्या 16व्या अनुच्छेदात सरकारी नोकरीपुरते धर्म, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादी भेद निषिद्ध ठरले, पण त्या यादीत वय नाही, आणि खाजगी ठेकेदाराला तर तेवढाही अटकाव नाही. नव्या संहितेत पुनःकौशल्य निधी म्हणून कमी केलेल्या कामगारास पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. वीस वर्षे एका यंत्रावर घालवलेल्या माणसाने तेवढ्या रकमेत कोणता नवा हुन्नर शिकावा, याचा विचार मसुदा करणाऱ्यांनी केला असेल असे मला वाटत नाही.

पेन्शनविषयी तू विचारले आहेस. पूर्ण पेन्शन 58व्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्यावी तितक्या वर्षांपोटी शेकडा 4 प्रमाणे ते घटते आणि ती घट पुढे भरून येत नाही. सबब अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तुला त्याचा आधार नाही, आणि पन्नाशी गाठताच घाईने अर्ज करू नयेस, असे माझे मत आहे. तोवर वॉचमनचे काम पत्करण्यात कमीपणा नाही. मात्र तेथेही फंड कापला जातो की नाही हे लेखी विचारून घे. रविवारच्या लोकलने इकडे ये, येताना हिशेबाचा कागद, नियुक्तिपत्र आणि शेवटच्या वर्षाच्या पगारपावत्या घेऊन ये. भरपाईत सेवेची दोन वर्षे कमी धरल्याचा तुला संशय आहे, त्याबद्दल कामगार आयुक्तांच्या कचेरीत द्यावयाचा अर्ज आपण दोघे बसून लिहू. भावजयीस आशीर्वाद सांग.

तुझा,
दादा