शेजारचा रंग

आधुनिक चित्रकलेचा इतिहास वाचताना ‘ऑर्फिझम’ हे नाव बहुधा एका वाक्यात येऊन जाते. १९१२ च्या सुमारास कवी अपोलिनेर याने ग्रीक पुराणातील गायक ऑर्फियसवरून ते दिले. रोबेर दलोने, सोनिया दलोने आणि कुप्का हे या पंथाचे प्रमुख चित्रकार. गाण्याला झाडानदीची आकृती लागत नाही, स्वर पुरतात. तसे चित्राला केवळ रंग पुरावेत, अशी त्यांची धारणा होती.

ही धारणा मला खऱ्या अर्थाने उमगली ती डहाणू तालुक्यात गंजाडच्या बाजूला, एका वारली घराच्या भिंतीपाशी. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचे सारवण, वर गेरू आणि तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक. तुम्ही म्हणाल, जिथे पांढऱ्यावाचून दुसरा रंग नाही, तिथे रंगाचा पंथ कसा समजणार? तळासरी-डहाणूकडचे जे विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांनी तर असा चौक लहानपणापासून पाहिलेला असेल.

इथे थोडे मागे जावे लागते. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेव्हरूल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तेथील काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले, तर दोष रंगाईत नव्हता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे काळा मलूल भासत होता. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, हा विचार त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला आणि पुढे दलोने दांपत्याने त्यावरच आपली चित्रे उभी केली. (चित्रकलेतील एवढी मोठी गोष्ट एका गिऱ्हाइकी तक्रारीतून निघावी, याचे मला अजूनही नवल वाटते.)

आता चौकाकडे पुन्हा पाहा. पिठाचा तो पांढरा गेरूच्या तांबूसपणामुळे उजळतो. पांढऱ्या कागदावर तो दिसणारही नाही. म्हणजे भिंत ही चित्राची पाठ नसून चित्राचा अर्धा रंग आहे. वारली चित्रांना ‘रंगहीन’ म्हणणारे हा अर्धा भाग मोजतच नाहीत. जिव्या सोमा मशे यांनी तो मोजला होता. भिंत सोडून कापडावर काढतानाही त्यांनी शेणाने सारवलेले कापड वापरले. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. आज झगझगीत निळ्या-हिरव्या कापडांवर वारली आकृत्या छापून विकल्या जातात. त्यांना माझा विरोध नाही; पण त्यांत शेजारी बदललेला असतो, आणि पांढराही मग तो उरत नाही.

साम्य मात्र ताणू नये. ऑर्फिस्टांना रंग वस्तूपासून सोडवायचा होता. चौकातला पांढरा पालघट देवीपासून, लग्नापासून, तो काढणाऱ्या सवासिणींच्या हातांपासून सुटत नाही. तो सुटला, तर लग्नाचा विधीच अडतो.

तरीही एक धागा मला जवळचा वाटतो. १९११ मध्ये सोनिया दलोने यांनी आपल्या तान्ह्या मुलासाठी रंगीत कापडांचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. रशियातील शेतकरी स्त्रिया शिवत तशी. अमूर्त रंगाच्या त्या पंथाचा एक उगम अनेक अभ्यासक या गोधडीत पाहतात. तीही घरातल्या स्त्रीने, घरातल्याच माणसासाठी केलेली. ती गोधडी आज पॅरिसच्या संग्रहालयात जतन केलेली आहे. लग्नचौक असा जपून ठेवला जात नाही. तो पुढच्या सारवणाखाली जातो, आणि घरात पुन्हा लग्न निघाले की सवासिणी नव्याने पीठ कालवतात.