नदीला भिंत नसते

वाईस प्रथम येणारा प्रवासी बहुधा गणपती घाटावर उभा राहून ढोल्या गणपतीचे समोरून दर्शन घेतो, चार पायऱ्या उतरून कृष्णेच्या पाण्याने पाय ओले करतो आणि महाबळेश्वरची वाट धरतो. देवळाच्या मागे जाऊन पाहणारे थोडे. १७६२ साली सरदार गणपतराव रास्ते यांनी हे देऊळ बांधविले, तेव्हा पुराचे पाणी थेट आदळू नये म्हणून मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती घडविली. पुराचा लोंढा तिच्यावर येतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. लहानपणापासून ही भिंत मी पाहत आलो; तिचा अर्थ मात्र वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आणि तोही दुसऱ्या गावच्या पोहण्याच्या तलावात, मला कळला. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वेळी पोहणे शिकावयाचे ते घाटावरच. कमरेला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधावयाचा, वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी पाण्यात ढकलावयाचे, आणि पुढचे आपण व कृष्णामाई पाहून घ्यावयाचे, असा शिरस्ता होता. आठ-दहा दिवसांत बिंडा सुटे. मग धर्मपुरीपासून गंगापुरीपर्यंत कोणत्या घाटासमोर डोह आहे, कोठे पाण्याची ओढ आहे, कोठे तळाचा खडक पायास लागतो, हे पाठ होई. अमरकोशात नदीच्या नावांत ‘निम्नगा’ असे एक नाव आहे. सखल भागाकडे जाणारी ती. त्या नावाचा अर्थ गुरुजींनी सांगण्यापूर्वीच आमच्या अंगाने जाणला होता. मी स्वतःस पट्टीचा पोहणारा समजत असे, आणि तो समज सेवानिवृत्तीनंतरही तसाच शाबूत होता.

मागल्या वर्षी प्रौढांच्या जलतरण स्पर्धेविषयी कळले आणि मी नाव घातले. या स्पर्धांचा इतिहास फार जुना नव्हे. १९७० च्या मे महिन्यात अमेरिकेतील टेक्सास प्रांतात अमरिलो येथे, रॅन्सम आर्थर या नौदलातील डॉक्टरांच्या पुढाकाराने, तेथील प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. माणसाने वय झाले म्हणून व्यायाम सोडू नये, व पुढे काही ध्येय असले म्हणजे तो सोडवत नाही, हा त्यांचा विचार. १९८६ साली टोकियोस पहिली जागतिक स्पर्धा भरली. पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय पूर्ण होते ते धरतात. यात एक गंमत आहे. व्यवहारात साठ, पासष्ट, सत्तर हे आकडे जवळ येऊ लागले की मनुष्य धास्तावतो. येथे मात्र दर पाच वर्षांनी तो पुन्हा आपल्या गटातला सर्वांत लहान होतो, आणि त्या वाढदिवसाची वाट पाहतो! जपानच्या मिएको नागाओका या बाईंनी २०१५ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर, १५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत तोडले. त्यांनी पोहावयास आरंभ केला तोच ऐंशी वर्षांनंतर. मग आम्ही तर जन्माचे पोहणारे!

छातीवर पडून दोन्ही हात एकदम फाकवीत आणि बेडकासारखे पाय मारीत पोहण्याचा जो प्रकार आहे, ज्यास ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात, त्याचे २०० मीटर अंतर मी निवडले. तलाव ५० मीटरांचा, म्हणजे मध्ये तीन वेळा भिंतीस स्पर्श करून वळावयाचे. मी पोहलो, शेवटास पोहोचलो, आणि वर येऊन पाहतो तो माझ्या नावापुढे ‘बाद’ असा शेरा. या प्रकारात प्रत्येक वळणास व शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीस लागावे लागतात. मी तिन्ही वळणांस एकच हात टेकला होता.

वाचकहो, पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईने खुणा केल्या. नियम वाचून न येणाऱ्या मुलाविषयी मला कधी दया आली नाही. तो शेरा पाहून मला प्रथम राग आला, मग लाज वाटली, आणि परतीच्या गाडीत खरे कारण उमगले. नदीला भिंत नसते. साठ वर्षांच्या पोहण्यात भिंतीशी वळण्याचा प्रसंगच मला आला नव्हता. जेथे हात टेकावा असे काही पुढे येतच नाही, तेथे हात टेकण्याची रीत कोठून येणार?

तेव्हा पुढील वर्षी पुन्हा जावयाचे आणि निदान बाद व्हावयाचे नाही, असा निश्चय केला. अडचण तलावाची. आमच्या सोयीचा तलाव साताऱ्यास, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर दूर. तेथेही मुलांचे वर्ग, स्त्रियांची वेळ, शिकाऊ मंडळी यांच्यातून ज्येष्ठांच्या वाट्यास आठवड्यातून दोन दिवस पाऊण-पाऊण तास येई. हिशेब मांडला: स्पर्धेस चौदा आठवडे, म्हणजे अठ्ठावीस फेऱ्या, आणि एकूण एकवीस तास. एस.टी.त बसण्याचा काळ त्याच्या कितीतरी पट.

या एकवीस तासांनी मला जे शिकविले, ते वेळ मुबलक असता तर मी शिकलो नसतो. मी वहीत तीन रकाने आखले: जमिनीवर होण्याजोगे, नदीत होण्याजोगे, आणि तलावावाचून न होणारे. दम वाढविणे, खांदे मोकळे करणे यांस तलाव कशाला? सूर्यनमस्कार आमच्या जिल्ह्यातलेच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा किती प्रसार केला हे सर्वश्रुत आहे. पहाटे नमस्कार आणि खिडकीच्या गजास रबरी दोर बांधून ओढणे, हे पहिल्या रकान्यात गेले. लांब पोहणे नदीकडे सोपविले. वाईच्या वरच्या अंगास तीनेक किलोमीटरांवर मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा सुंदर घाट, आणि वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा यांमुळे ते गाव प्रसिद्ध आहे. तेथे घाटासमोर संथ पाणी सापडते. मी प्रवाहाच्या उलट अंगाने पोहत असे, आणि आमचे कुटुंब पायरीवर घड्याळ घेऊन बसत असे.

एकदा मी पाण्यातून डोके काढून विचारले, “कसे दिसते?”

“दिसते छान,” ती म्हणाली, “पण अहो, ताट उचलताना दोन्ही हात लावता ना? तसे तेथे लावा, म्हणजे झाले.”

माघ सरता सरता एका संध्याकाळी मी एकटाच गेलो. वरून धोम धरणाचे पाणी सोडले आहे याची मी चौकशी केली नव्हती. चूक सर्वस्वी माझी. घाटापासून थोडा लांब गेलो आणि परतू लागलो, तो पायरी जवळ येईना. दहा-वीस हात जोराने मारले. घाट होता तेथेच. छाती भरून आली. तेव्हा लहानपणीची शिकवण आठवली, की ओढीशी भांडू नये. तोंड वळविले, पाण्याबरोबर तिरका काठाकडे सरत राहिलो, आणि बरेच खाली एका झाडाच्या मुळीस हात लागला. काठावर बसून कितीतरी वेळ पाय थरथरत होते. त्या दिवशी जिने तारले ती विद्या नदीचीच, आणि ज्याने बुडविले असते तो गर्वही तिच्याच अंगावर वाढलेला, हे मला मान्य करावे लागले. घरी खरे ते सांगितले. त्या दिवसापासून दोन नियम ठरले: पाणी सुटल्याची चौकशी केल्यावाचून उतरावयाचे नाही, आणि काठावर दोर घेतलेले माणूस असल्यावाचून तर नाहीच नाही.

राहिला तिसरा रकाना: भिंत. तलावातील पाऊण तासात पहिली दहा मिनिटे अंग मोकळे करण्यास, पुढली पंचवीस केवळ वळणास, आणि उरलेली घड्याळ लावून एकदा वेगाने पोहून मग सावकाश हात मारण्यास, अशी वाटणी केली. वळण मला शिकविले ते आधीच्या वर्गातल्या बारा वर्षांच्या एका मुलाने. “आजोबा, दोन्ही हात टेकले की गुडघे पोटाशी घ्या. एक कोपर मागे ओढा, दुसरा हात डोक्यावरून न्या, आणि कुशीवर होऊन भिंत ढकला,” असे तो सांगे आणि करून दाखवी. ढकलल्यावर पाण्याखाली एकच पूर्ण हात मारता येतो. तोपर्यंत शरीर बाणासारखे ठेवावयाचे. मी हात फाकवून निघे आणि जागीच थबके. मुलगा हसून म्हणे, “आजोबा, निमुळते व्हा ना!”

त्या शब्दासरशी मला ढोल्या गणपतीची मागली भिंत आठवली. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. वेग दुप्पट केला तर त्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून अधिक जोर लावण्यापेक्षा आड येणारे अंग कमी करणे हाच शहाणपणा, विशेषतः ज्याच्या पदरी जोर थोडा उरला आहे त्याने. रास्त्यांच्या कारागिरांनी जे दगडात केले तेच मला देहात करावयाचे होते. कान दंडांमध्ये घेऊन, बोटांवर बोटे ठेवून मी निघालो, आणि पहिल्यांदाच भिंतीने मला दूरवर सोडले.

स्पर्धेत २०० मीटरांस मला ४ मिनिटे ४८ सेकंद लागले. आमच्या गटात पाच जण होते. मी चौथा आलो. पदक मिळाले नाही. पण फलकावर माझ्या नावापुढे आकडे होते, शेरा नव्हता. तिन्ही वळणांस आणि शेवटी दोन्ही हात लागले होते. कुटुंबाने विचारले, “ताट नीट उचलले?” मी म्हटले, “काही सांडले नाही.”

परत आल्यावर संध्याकाळी गणपती घाटावर गेलो. पूर्वी या वेळी पायऱ्यांवर मुलांची झुंबड असे. आता सूर मारणारे एकही पोर नव्हते. पुष्कळांच्या घरून नदीत उतरण्यास मनाई आहे, आणि मेणवलीच्या त्या संध्याकाळनंतर त्या आईबापांस मी दोष देणार नाही. पण तलाव दूर आणि नदी वर्ज्य, तर कृष्णाकाठची मुले पोहणे शिकणार कोठे? पुढल्या उन्हाळ्यात आळीतल्या चौघा मुलांस, त्यांच्या वडिलांना काठावर दोर घेऊन बसवून, उथळ पाण्यात शिकवावयाचे कबूल केले आहे. पांगाऱ्याचे बिंडे करवून ठेवले आहेत. पहिला धडा देवळाच्या मागे, त्या भिंतीपाशी उभे करून द्यावा, असे मनात आहे.